धरणे आणि सोडणे : प्लॅटिनमविना ऑक्सिजनचे क्षपण

पावसात भिजणारे पत्र्याचे छप्पर गंजते, कोकणातला जांभा दगड तांबडा दिसतो आणि धमन्यांतून वाहणारे रक्त ऑक्सिजन घेऊन लाल होते. या तिन्ही ठिकाणी लोहाचा अणू ऑक्सिजनला धरून असतो. मात्र या पकडींत मोठा फरक आहे. गंजात आणि जांभ्यात लोहाने धरलेला ऑक्सिजन सहसा सुटत नाही, तर रक्तातील लोह फुप्फुसात धरलेला ऑक्सिजन ऊतींपर्यंत पोहोचताच सोडून देते. धातू एकच, वायू एकच, आणि तरीही एका ठिकाणी कायमचे बंधन व दुसऱ्या ठिकाणी क्षणभराची गाठ असे का घडते, या प्रश्नाच्या उत्तरात इंधनघट आणि धातू-हवा बॅटरी यांच्यासाठी स्वस्त उत्प्रेरक घडवण्याची गुरुकिल्ली आहे. गेली साठ वर्षे रसायनशास्त्रज्ञ लोह, कोबाल्ट आणि मँगनीज या सर्वसामान्य धातूंना ऑक्सिजन धरायला आणि वेळेवर सोडायला शिकवत आहेत, आणि त्या प्रयत्नांचे यशापयश समजून घेण्यासाठी आधी इंधनघटात ऑक्सिजनचे नेमके काय होते ते पाहावे लागते.

इंधनघटाची मंद बाजू

इंधनघट हा असा विद्युतघट असतो, की ज्यात इंधन आणि ऑक्सिजन बाहेरून सतत पुरवले जातात आणि त्यांच्यातील रासायनिक ऊर्जा ज्वलनाचा टप्पा वगळून थेट विजेत रूपांतरित होते. वेल्समध्ये जन्मलेले वकील व शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ ते १८४२ या काळात सौम्य सल्फ्यूरिक आम्लात प्लॅटिनमच्या पट्ट्या बुडवून, एका पट्टीभोवती हायड्रोजन आणि दुसऱ्या पट्टीभोवती ऑक्सिजन ठेवून, असा घट प्रथम उभा केला. आजच्या मोटारींतील इंधनघटात द्रव आम्लाची जागा एका पातळ आम्लधर्मी बहुवारिक पटलाने घेतली आहे. पटलाच्या एका बाजूला, म्हणजे ॲनोडवर, हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. पटलातून फक्त प्रोटॉन पलीकडे जाऊ शकतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनांना बाहेरच्या तारेतून फिरून जावे लागते आणि हाच प्रवाह मोटार चालवतो. दुसऱ्या बाजूला, कॅथोडवर, ऑक्सिजनचा एक रेणू चार प्रोटॉन आणि चार इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि पाण्याचे दोन रेणू तयार होतात. एखाद्या पदार्थाने इलेक्ट्रॉन स्वीकारणे याला रसायनशास्त्रात क्षपण म्हणतात, म्हणून कॅथोडवरील या क्रियेला ऑक्सिजनचे क्षपण असे नाव आहे.

ऊष्मागतिकीच्या हिशेबाने अशा घटातून सामान्य तापमानाला १.२३ व्होल्ट मिळायला हवेत. प्रत्यक्षात काहीही भार नसताना घट सुमारे १ व्होल्ट दाखवतो, आणि उपयोगी प्रवाह घेऊ लागताच तो ०.६ ते ०.७ व्होल्टवर येतो. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. या तोट्याचा सर्वांत मोठा वाटा कॅथोडचा असतो. प्लॅटिनमवर हायड्रोजनची क्रिया इतकी सहज होते, की तिच्या तुलनेत ऑक्सिजनचे क्षपण लाखो पटींनी मंद ठरते. याचे मूळ ऑक्सिजनच्या रेणूच्या रचनेत आहे. त्याचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात, आणि एक मोल रेणूंमधील हे बंध तोडायला सुमारे ४९८ किलोज्यूल ऊर्जा लागते. त्यात चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन एकाच क्षणी येऊन मिळत नाहीत. ते एकेक करून येतात, आणि प्रत्येक टप्प्यावर एक अर्धवट घडलेला घटक उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाला चिकटून पुढच्या टप्प्याची वाट पाहत राहतो.

या प्रवासात एक आडवाटही आहे. ऑक्सिजनचा बंध न तुटता त्याला दोनच इलेक्ट्रॉन मिळाले, तर पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. या वाटेने गेल्यास निम्मे इलेक्ट्रॉन वाया जातात, व्होल्टता घसरते आणि वर पेरॉक्साइडसारखा दाहक पदार्थ घटाच्या आत साठू लागतो. म्हणून चांगल्या उत्प्रेरकाकडून दोन अपेक्षा असतात: त्याने क्रिया वेगाने घडवावी आणि ती चार इलेक्ट्रॉनांच्या सरळ वाटेनेच न्यावी.

पकडीचे गणित

उत्प्रेरकाने अभिक्रियेतील घटकाला किती घट्ट धरावे, याविषयीचे तत्त्व फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिये यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. पकड सैल असेल तर रेणू पृष्ठभागावर टिकतच नाही आणि क्रिया सुरू होत नाही. पकड फार घट्ट असेल तर तयार झालेला पदार्थ जागा सोडत नाही आणि पुढच्या रेणूला वाट मिळत नाही. निरनिराळ्या धातूंची ऑक्सिजनवरील पकड आडव्या अक्षावर आणि क्रियेचा वेग उभ्या अक्षावर मांडला, तर दोन्ही बाजूंनी चढत जाऊन मध्ये शिखर गाठणारी आकृती तयार होते आणि तिला तिच्या आकारावरून ज्वालामुखी आलेख म्हणतात. डेन्मार्कमधील येन्स नॉर्स्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ऑक्सिजनच्या क्षपणासाठी असा आलेख क्वांटम गणिताच्या आधारे मांडला. त्यात सोने सैल पकडीच्या उतारावर येते, निकेलसारखे धातू घट्ट पकडीच्या उतारावर येतात, आणि शिखराच्या सर्वांत जवळ प्लॅटिनम असते. तेही अगदी शिखरावर नाही, कारण त्याची पकड थोडी जास्तच घट्ट आहे. म्हणूनच त्यात निकेल किंवा कोबाल्ट मिसळून ती किंचित सैल केली, की त्याची कामगिरी सुधारते.

प्लॅटिनमची अडचण त्याच्या दुर्मिळतेत आहे. भूकवचातील एक टन सरासरी खडकात लोह सुमारे ५० किलोग्रॅम असते, तर प्लॅटिनम जेमतेम ५ मिलिग्रॅम. जगात दरवर्षी खाणींतून निघणारे प्लॅटिनम दोनशे टनांच्या आत असते आणि त्यातील सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा दक्षिण आफ्रिकेतील बुशवेल्ड या एकाच खडक-समूहाचा आहे. इंधनघटात हायड्रोजनच्या बाजूला दर चौरस सेंटिमीटरला ०.०५ मिलिग्रॅम प्लॅटिनम पुरते, पण ऑक्सिजनच्या बाजूला त्याच्या चौपट ते आठपट लागते. म्हणजे खर्चाचा आणि टंचाईचा मुख्य प्रश्न कॅथोडपाशी एकवटतो, आणि पर्यायाचा शोधही तिथेच घ्यावा लागतो.

इतर धातूंच्या मार्गात आणखी एक अडथळा आहे. इंधनघटातील पटल आम्लधर्मी असते, आणि लोह, कोबाल्ट, निकेल हे धातू आम्लात विरघळून जातात. त्यामुळे प्लॅटिनमच्या जागी लोखंडाची पूड ठेवून भागत नाही. लोहाच्या अणूला अशा जागी बसवावे लागते, की तो आम्लाच्या हाती लागणार नाही आणि त्याची ऑक्सिजनवरील पकडही बदलेल. अशी जागा सजीव सृष्टीत फार पूर्वीच तयार झालेली आहे.

निसर्गाने दिलेला नमुना

रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये लोहाचा अणू पोर्फिरिन नावाच्या एका सपाट कड्याच्या मधोमध बसलेला असतो. हे कडे कार्बनच्या सांगाड्याचे असून त्यातील चार नायट्रोजन अणू आतल्या बाजूला वळलेले असतात आणि ते चौघे मिळून लोहाला चारही बाजूंनी धरून ठेवतात. लोहाच्या इलेक्ट्रॉनांची वागणूक त्याच्या या शेजाऱ्यांमुळे पालटते. चार दिशांना आधीच बांधलेले हे लोह ऑक्सिजनला वरच्या मोकळ्या बाजूने भेटते, आणि त्यांच्यात होणारा बंध गंजातील बंधापेक्षा कितीतरी सैल असतो. भोवतीचे प्रथिन ही गाठ आणखी जपते, कारण दोन लोह अणू जवळ येऊन एकाच ऑक्सिजनला धरू लागले तर गंजण्याचीच सुरुवात होते. प्रथिनाच्या खळगीत प्रत्येक लोह अणू एकटा राहतो.

हिमोग्लोबिनचे काम केवळ ऑक्सिजन वाहून नेण्याचे असते. त्याचे क्षपण करण्याचे काम पेशींतील तंतुकणिकांमध्ये सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर करते आणि शरीर जो ऑक्सिजन वापरते त्याचा बहुतांश भाग याच विकरापाशी पाणी होतो. त्याच्या गाभ्यात पोर्फिरिनच्या कड्यात बसलेला एक लोह अणू आणि त्याच्यासमोर अगदी जवळ एक तांब्याचा अणू असतो. ऑक्सिजनचा रेणू या दोहोंच्या मध्ये येतो, त्याला चार इलेक्ट्रॉन मिळतात आणि पेरॉक्साइड बाहेर न सांडता त्याचे पाणी होते. प्लॅटिनमचा कणही न वापरता, शरीराच्या तापमानाला, आयुष्यभर अखंड चालणारी ही क्रिया इंधनघटाच्या कॅथोडवरील क्रियेसारखीच आहे. फरक इतकाच, की विकराचा रेणू झिजला तर पेशी नवा घडवते. यंत्रातील उत्प्रेरकाला अशी दुरुस्ती करणारे कोणी नसते. हा फरक या सगळ्या कथेत शेवटपर्यंत महत्त्वाचा राहतो.

हा नमुना प्रयोगशाळेत आणण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न १९६४ मध्ये झाला. रेमंड जासिन्स्की यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की कोबाल्ट थॅलोसायनीन हे संयुग अल्कधर्मी द्रावात ऑक्सिजनचे क्षपण घडवते. थॅलोसायनीन हे पोर्फिरिनच्याच कुळातील कडे आहे, त्यातही चार नायट्रोजन मधल्या धातूला धरून असतात. मधला धातू तांबे असेल तर हेच संयुग छपाईच्या शाईत आणि रंगांत वापरले जाणारे परिचित निळे रंगद्रव्य होते. आम्लात मात्र ही संयुगे टिकत नसत. काही तासांत कडे फुटे आणि धातू निघून जाई.

भट्टीत घडलेला उत्प्रेरक

पुढचे पाऊल सहज सुचण्याजोगे नव्हते. १९७० च्या दशकात जर्मनीतील संशोधकांना आढळले, की अशी संयुगे काजळीसारख्या बारीक कार्बनवर बसवून हवा बंद करून तापवली, तर त्यांची क्रियाशीलता आणि आम्लातील टिकाऊपणा हे दोन्ही वाढतात. ज्या तापमानाला सेंद्रिय कडे जळून मोडायला हवे, तिथे उत्प्रेरक सुधारत होता. त्यामुळे तापल्यानंतर आत नेमके काय उरते, हा प्रश्न पुढची चाळीस वर्षे वादाचा विषय झाला. १९८९ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे अर्नेस्ट यीगर यांच्या गटाने दाखवले, की महागडे कडे आधी तयार करून घेण्याची गरजच नाही: लोहाचा किंवा कोबाल्टचा साधा क्षार, नायट्रोजन पुरवणारे पॉलिॲक्रिलोनायट्राइल हे बहुवारिक आणि कार्बन एकत्र तापवले, तरी तसाच उत्प्रेरक मिळतो. धातूला लागणारे चार नायट्रोजनांचे आसन भट्टीतच तयार होते.

या कुळातील उत्प्रेरकांना आज लोह-नायट्रोजन-कार्बन उत्प्रेरक म्हणतात आणि ते बनवण्याची एक प्रचलित पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. जस्ताचा क्षार आणि मिथिल-इमिडॅझोल हे नायट्रोजनयुक्त संयुग मिथेनॉलमध्ये एकत्र केले, की पांढरी, बारीक, आतून पोकळ पिंजऱ्यांनी भरलेली स्फटिकी पूड मिळते. तिच्यात अगदी थोडे लोह मिसळले जाते, इतके थोडे, की तयार उत्प्रेरकात ते वजनाने दोन-चार टक्क्यांपलीकडे जात नाही. ही पूड नलिकेसारख्या भट्टीत ठेवून तिच्यावरून आरगॉन किंवा नायट्रोजन वायू सोडला जातो, म्हणजे लाकडाचा कोळसा पाडताना भट्टीत हवा शिरू नये म्हणून ती जशी लिंपून घेतात, तसाच बंदोबस्त इथेही होतो. तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर सेंद्रिय भागाचा कोळसा होतो आणि ९०७ अंशांना जस्त उकळून वाफेच्या रूपाने निघून जाते. जिथे जस्ताचे अणू होते, तिथे नॅनोमीटरच्या मापाची छिद्रे मागे राहतात. पांढऱ्या पुडीची हलकी काळी भुकटी झालेली असते, आणि तिच्या एका ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग मावलेला असतो. त्यानंतर ही भुकटी आम्लात धुतात, कारण लोहाचे जे अणू एकमेकांना मिळून कण झाले असतील ते क्षपणाच्या कामाचे नसतात आणि पुढे घटाला बाधतात. आम्लात ते विरघळून जातात आणि नायट्रोजनांनी पक्के धरलेले सुटे अणू मागे उरतात.

हे सुटे अणू खरोखर तिथे असतात का, याचा पुरावा मिळवणे दीर्घकाळ अवघड होते. क्ष-किरणांच्या शोषणावरून आणि लोहाच्या एका समस्थानिकावर आधारलेल्या मॉसबाउअर वर्णपटावरून, लोहाभोवती चार नायट्रोजन असलेली रचनाच क्रियाशील असावी, हे मत २०१५ च्या सुमारास बळावले. अणुपातळीवर पाहू शकणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कार्बनच्या फिकट पार्श्वभूमीवर लोहाचे एकेकटे अणू तेजस्वी ठिपक्यांसारखे दिसले. जासिन्स्की यांनी बाहेरून आणून ठेवलेले कडे आणि भट्टीत आपोआप घडलेले आसन यांच्या गाभ्यात एकच रचना होती, आणि ती रक्तातील लोहाच्या शेजाराशी मिळतीजुळती होती.

अशा उत्प्रेरकाची पारख करण्याची रीत साधी आणि अचूक आहे. काळी भुकटी, अल्कोहोल आणि पटलाच्याच पदार्थाचे थोडे द्रावण यांची शाई करून तिचे काही थेंब काचेसारख्या गुळगुळीत कार्बनच्या चकतीवर वाळवले जातात; चकतीचा व्यास अवघा पाच-सहा मिलिमीटर असतो. ऑक्सिजनने संपृक्त केलेल्या द्रावात ही चकती मिनिटाला १६०० फेऱ्यांच्या गतीने फिरवली, की द्राव खालून वर ओढला जाऊन कडेकडे फेकला जातो आणि ऑक्सिजनचा पुरवठा ठरावीक गतीने होत राहतो. चकतीभोवती अगदी थोडी फट सोडून प्लॅटिनमचे एक वलय बसवलेले असते. चकतीवर पेरॉक्साइड तयार झाले, तर ते द्रावाबरोबर वाहत वलयावर पोहोचते आणि तिथे त्याचे ऑक्सिडीकरण होऊन प्रवाह वाहतो. चकतीवरील आणि वलयावरील प्रवाहांची तुलना केली, की किती ऑक्सिजन सरळ वाटेने गेला आणि किती आडवाटेने, याचा हिशेब लागतो. चांगल्या लोह-नायट्रोजन-कार्बन उत्प्रेरकात आडवाटेने जाणारा वाटा काही टक्केच असतो.

वेग मिळाला, टिकाव राहिला

२००९ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात झ्याँ-पॉल दोदले यांच्या गटाने ‘सायन्स’ नियतकालिकात एक महत्त्वाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. कार्बनच्या दोन नॅनोमीटरहून लहान छिद्रांत लोहाचा क्षार आणि नायट्रोजनयुक्त फिनँथ्रोलीन भरून, आधी आरगॉनमध्ये आणि नंतर अमोनियात तापवून त्यांनी जो कॅथोड तयार केला, त्याचा प्रवाह घटाची व्होल्टता ०.९ किंवा त्याहून अधिक असताना, दर चौरस सेंटिमीटरला ०.४ मिलिग्रॅम प्लॅटिनम असलेल्या कॅथोडच्या बरोबरीचा होता. लोह प्लॅटिनमच्या पंक्तीला बसू शकते, हे यातून सिद्ध झाले. पण हा उत्प्रेरक शंभर तासांच्या आतच झपाट्याने मंदावला. २०११ मध्ये अमेरिकेच्या लॉस ॲलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेतील पिओत्र झेलेने आणि सहकाऱ्यांनी पॉलिअनिलीन, लोह आणि कोबाल्ट यांपासून बनवलेला उत्प्रेरक ०.४ व्होल्टवर ७०० तास जवळजवळ न घटता चालवून दाखवला, मात्र ०.४ व्होल्ट ही मोटारीला लागणाऱ्या व्होल्टतेपेक्षा बरीच खालची पातळी होती. या दोन निष्कर्षांच्या मधल्या अंतरातच आजचा सगळा प्रश्न सामावलेला आहे: जिथे वेग आहे तिथे टिकाव नाही, आणि जिथे टिकाव आहे तिथे पुरेसा वेग नाही.

उत्प्रेरक झिजतो त्याची कारणे आता बऱ्यापैकी कळलेली आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. आडवाटेने जाणाऱ्या ऑक्सिजनपासून थोडे का होईना पेरॉक्साइड बनते. पेरॉक्साइड आणि लोह एकत्र आले, की अत्यंत आक्रमक हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात; ही अभिक्रिया हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये वर्णिली होती आणि सांडपाण्यातील सेंद्रिय मळ नष्ट करण्यासाठी तिचा मुद्दाम उपयोगही केला जातो. सांडपाण्यात उपकारक असलेली हीच मूलके इंधनघटात भोवतीचा कार्बन पोखरतात आणि लोहाचे आसन ढिले करतात. आसन ढिले झाले, की लोह आम्लात सुटते; सुटलेले लोह पटलात शिरते आणि तिथेही पेरॉक्साइडशी गाठ पडून पटलालाच इजा करते. कार्बनची स्वतःचीही एक दुबळी बाजू आहे: कॅथोडच्या व्होल्टतेला ऊष्मागतिकीच्या दृष्टीने त्याने कार्बन डायऑक्साइड व्हायला हवे, तो केवळ मंद गतीमुळे टिकून असतो. शिवाय लोहाच्या उत्प्रेरकाची क्रिया दर ग्रॅमला कमी असल्यामुळे त्याचा थर प्लॅटिनमच्या थरापेक्षा सुमारे दहापट जाड द्यावा लागतो, आणि शंभर मायक्रोमीटर जाडीच्या थरातून ऑक्सिजन आत व पाणी बाहेर नेणे ही वेगळीच कसोटी ठरते. तयार झालेले पाणी छिद्रांत साचले, तर आतले लोह ऑक्सिजनविना उपाशी राहते.

या दुष्टचक्राची साखळी तोडण्याचे प्रयत्न वेगवेगळ्या कड्यांवर चालू आहेत. लोहाऐवजी मँगनीज किंवा कोबाल्ट वापरले, तर पेरॉक्साइडपासून मूलके बनण्याचा धोका बराच घटतो, मात्र वेगात थोडी माघार घ्यावी लागते. सिरियमच्या ऑक्साइडसारखे मूलके टिपून घेणारे पदार्थ थरात मिसळले, तर घडलेले मूलक इजा करण्याआधीच निष्प्रभ होते. कार्बन अधिक स्फटिकी, ग्रॅफाइटच्या जवळ जाणारा केला, तर तो सहज पोखरला जात नाही, पण त्यात लोहाला बसायला जागा कमी मिळतात. इथे पुन्हा साबातिये यांच्या तत्त्वासारखाच तोल सांभाळावा लागतो, फक्त आता तो वेग आणि आयुष्य यांच्यात असतो. मोटारीसाठी किमान ५००० तास आणि मालवाहू ट्रकसाठी २५,००० तास ही अपेक्षा अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने मांडलेली आहे. शेकडो तासांपासून हजारो तासांपर्यंतचे हे अंतर केवळ अधिक क्रियाशील भुकटी बनवून कापता येणार नाही.

आम्लाबाहेरचे यश

आम्ल सोडून अल्कधर्मी माध्यमाकडे गेले, की चित्र पालटते. तिथे बहुतेक साधे धातू आणि त्यांची ऑक्साइडे विरघळत नाहीत आणि ऑक्सिजनचे क्षपणही तुलनेने सुलभ होते. केंब्रिजचे अभियंते फ्रान्सिस बेकन यांनी १९५९ मध्ये दाखवलेला पाच किलोवॉटचा अल्कधर्मी इंधनघट निकेलच्या इलेक्ट्रोडांवर चालत होता, आणि त्याच घराण्यातील घटांनी पुढे अपोलो यानांना वीज आणि पिण्याचे पाणी पुरवले. हवेतील कार्बन डायऑक्साइड अल्कात मिसळून कार्बोनेट बनते, ही या माध्यमाची मर्यादा. अंतराळयानात शुद्ध ऑक्सिजन असल्यामुळे ती तिथे आड आली नाही.

मौल्यवान धातूविना चालणारा ऑक्सिजन-कॅथोड रोजच्या वापरात पाहायचा असेल, तर श्रवणयंत्रात बसणारा बटनाएवढा सेल पाहावा. त्याच्या पाठीवर एक लहानशी रंगीत चिकटपट्टी असते. ती सोलून काढली, की धातूच्या झाकणावरची सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात, आणि हवा आत शिरायला मिनिटभर वाट पाहिल्यानंतर तो सेल कामाला लागतो. आत जस्ताची भुकटी अल्कात भिजवलेली असते, आणि छिद्रांलगत कार्बन व मँगनीज ऑक्साइड यांचा पातळ, पाणी न शोषणारा थर असतो. या थरावर बाहेरच्या हवेतील ऑक्सिजनचे क्षपण होते, जस्ताचे ऑक्साइड बनते आणि सुमारे १.४ व्होल्ट मिळतात. सेलमध्ये ऑक्सिजन साठवून ठेवावा लागत नसल्यामुळे जवळजवळ सगळी जागा जस्ताला मिळते, आणि म्हणूनच एवढासा सेल दिवसचे दिवस पुरतो. पट्टी एकदा काढली, की मात्र वापर होवो वा न होवो, सेल हळूहळू सुकत जातो. अशा जस्त-हवा घटांचे व्यापारी उत्पादन १९३२ मध्ये अमेरिकेत सुरू झाले, तेव्हा ते रेल्वेच्या सिग्नलांसाठी वापरले जात.

मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड मराठी मुलखाला नवी नाही. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील खाण मँगनीज डायऑक्साइडयुक्त खनिजासाठी ओळखली जाते. नागपुरात मुख्यालय असलेली मॉइल ही सार्वजनिक कंपनी ती चालवते, आणि हे खनिज कोरड्या बॅटरीच्या उद्योगाला पुरवले जाते. विजेरीच्या सेलमध्ये ही पूड स्वतःच क्षपण पावते आणि वापराबरोबर संपत जाते. जस्त-हवा सेलमध्ये तिची भूमिका वेगळी असते: ती ऑक्सिजनला धरते, पेरॉक्साइडचे विघटन करते आणि स्वतः न संपता पुढच्या रेणूसाठी मोकळी होते. एकाच पदार्थाने एका घटात सरपण व्हावे आणि दुसऱ्यात चूल, असा हा फरक आहे.

जस्त-हवा बॅटरी पुन्हा पुन्हा भारित करायची झाली, तर उत्प्रेरकावरील जबाबदारी दुप्पट होते, कारण भारित करताना त्याला उलट क्रिया, म्हणजे पाण्यातून ऑक्सिजन मोकळा करण्याची क्रियाही घडवावी लागते. त्यावेळच्या उच्च व्होल्टतेत कार्बन लवकर झिजतो, म्हणून या कामासाठी लँथॅनम, मँगनीज, कोबाल्ट, निकेल यांच्या पेरोव्स्काइट आणि स्पायनेल या रचनांतील ऑक्साइडांचा अभ्यास होतो.

आम्लधर्मी घटातही एक छोटी वाट खुली झाली आहे. २०१७ मध्ये कॅनडातील बॅलार्ड आणि जपानमधील निस्शिनबो या कंपन्यांनी कार्बनवर आधारलेला, मौल्यवान धातूविना चालणारा कॅथोड वापरून ३० वॉटचा वाहतुकीस सोपा इंधनघट जाहीर केला. मिथेनॉलवर चालणाऱ्या घटांत लोह-नायट्रोजन-कार्बनचा आणखी एक गुण उपयोगी पडतो: पटलातून पलीकडे झिरपलेले मिथेनॉल प्लॅटिनमच्या कॅथोडला त्रास देते, तर लोह तिकडे लक्षही देत नाही. भारतात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत इंधनघटांवर आणि त्यांच्या उत्प्रेरकांवर दीर्घकाळ काम चालू आहे, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये देशात विकसित झालेल्या हायड्रोजन इंधनघटावरील बसचे अनावरण पुण्यातच झाले. ज्या देशाला प्लॅटिनम बव्हंशी आयात करावे लागते आणि ज्याच्या भूमीत लोह व मँगनीज मुबलक आहे, त्याच्यासाठी या संशोधनाचे मोल पुस्तकी राहत नाही.

या सगळ्या प्रवासातून एक गोष्ट स्पष्ट होते. धातूचा गुण त्याच्या जातीपुरता ठरलेला नसतो. त्याला कोणाच्या शेजारी बसवले, त्यावर तो ठरतो. उघड्यावर गंजणारे लोह चार नायट्रोजनांच्या आसनावर बसले, की प्लॅटिनमचे काम करू लागते. एवढे भट्टीतून साध्य झाले आहे. जे साध्य व्हायचे आहे, ते विकरालाही स्वतःपुरते साधलेले नाही. त्याला पेशीची मदत घ्यावी लागते. ऑक्सिजनला धरणारे आणि सोडणारे आसन हजारो तास, कोणाच्या दुरुस्तीविना, जागच्या जागी राखणे हेच आता लोहाकडून मागितले जात आहे, आणि ज्या दिवशी ते मिळेल, त्या दिवशी स्वच्छ विजेचा हिशेब टनामागे पाच मिलिग्रॅम मिळणाऱ्या धातूवर अडून राहणार नाही.